वहीत नसलेली घागर

शस्त्रक्रियेचा इतिहास मी सोळाव्या वर्षी मोजून काढला. वाचून नव्हे, मोजून. वाचण्याइतकं इंग्रजी तेव्हा येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुस्तकात रक्त आलं की मी दोन ओळी गाळून पुढं जाते. माझी भाचरं हे ऐकून हसतात. ‘मावशी, तू आणि सर्जरी?’ म्हणतात. भाजी चिरताना बोट कापलं तर शेजारणीला हाक मारणारी बाई मी, त्यांचं हसणं बरोबरच आहे. पण त्या उन्हाळ्यात, लातूरला, दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत बसून मी दोन महिने रोज तेच काम केलं. ती मोजणी शेवटी भलतीकडेच जाऊन पोचली, म्हणून लिहून ठेवते.

माझे बाबा दप्तरी. म्हणजे पुस्तकं, फायली, रजिस्टरं बांधणारे. आधी आम्ही नांदेडला होतो. तिथं डॉक्टरकीच्या कॉलेजात, ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला त्यांची खोली होती. लाकडी दाबयंत्र, सुतळीचे गुंडे, रेग्झीनचे तुकडे, आणि मैद्याची खळ शिजवायचा एक काळा डबा. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायची. खळ शिजायला लागली की खिरीसारखा वास यायचा. मग झुरळं लागू नयेत म्हणून बाबा तिच्यात मोरचूद टाकायचे, आणि मला उगाच वाईट वाटायचं, काहीतरी गोड नासवल्यासारखं. त्या मोरचुदानं बाबांची बोटं कायम निळसर दिसायची. माय म्हणायची, ‘भाकरीला हात लावायच्या आधी धुवा ते देवाचे हात.’ आमच्या घरात देव नव्हते, आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच ते गेले होते. त्यामुळे निळ्या हातांवरून बाबांना चिडवायची ही संधी माय सोडत नसे.

बाबांना इंग्रजी येत नव्हतं, पण कोणता लेख किती वाचला गेलाय ते त्यांना न उघडता कळायचं. डॉक्टरी मासिकांचे वर्षभराचे अंक एकावर एक रचून ते बाजूनं बघायचे. ‘हे बघ सुजे, हितं कड काळी झाली. पोरं लई बोटं लावून राहिलीत हितं.’ उघडलं की आत धनुर्वात निघायचा, नाहीतर साप, भाजलेली बाई, बैलानं शिंग मारलेलं पोट. हृदयाबिदयाच्या मोठ्या लेखांच्या कडा दुधासारख्या पांढऱ्या. मग बाबा तिन्ही बाजूंनी कडा कापून टाकायचे. सफाईदार कड ही त्यांची शान होती. काळं होतं ते सगळं पट्ट्या होऊन खाली पडायचं आणि वरून बघणाऱ्याला धनुर्वात आणि हृदय एकसारखेच गोरेपान दिसायचे.

मग लातूर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नव्या कचेऱ्या, नव्या कचेऱ्यांना नवी रजिस्टरं, आणि रजिस्टरांना बांधणारा. बाबांची बदली लातूरच्या दवाखान्याच्या रेकॉर्डात झाली. आम्ही दाबयंत्रासकट ट्रकमध्ये बसून आलो तेव्हा गावात ठिकठिकाणी ‘जिल्हा’ शब्दाचा रंग ओला होता. पाऊस मात्र दोन वर्षं नीट झाला नव्हता. आमच्या नळाला पहिल्या दिवशी तोटी फिरवली तर आतून नुसती शीळ आली. ‘जिल्हा झाला,’ बाबा म्हणाले, ‘पन नळाला कुनी सांगितलं न्हाई.’

पाणी टँकरनं यायचं, एक दिवसाआड. टँकरचा भोंगा वाजला की दवाखान्यामागच्या सगळ्या खोल्यांतून घागरींचा खणखणाट उठायचा. अजूनही कुठं पितळेवर पितळ आपटलं की मी आधी उठून उभी राहते, मग लक्षात येतं की आपल्या फ्लॅटला चोवीस तास पाणी आहे. माय पाण्याच्या बाबतीत फार कडक होती. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची. डाळ एकदाच धुवायची आणि ते पाणी पिठात. येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्यामसाल्याच्या पिठाची आमटी आमच्याकडं रोज असायची, कारण तिला वरणापेक्षा पाणी कमी लागतं असं मायचं म्हणणं होतं. ती इतकी घट्ट असायची की बाबा एकदा म्हणाले, ‘गयाबाई, यानं मी रजिस्टर बांधू का?’ माय म्हणाली, ‘बांधा की. तुमच्या खळीपरीस चव तर लागंल.’

या घट्ट संसारात एक गोष्ट वाढत होती. मायच्या बेंबीवर गाठ होती, आधी सुपारीएवढी, मग लिंबाएवढी. घागर उचलली की वर यायची, निजलं की आत जायची. डॉक्टर मुदखेडकरांनी बघून सांगितलं होतं, हर्निया आहे, शिवून टाकू, साधं ऑपरेशन आहे. तोवर जड उचलायचं नाही. माय ‘हाव साहेब’ म्हणाली आणि दवाखान्यातून परत येताना टँकर दिसला म्हणून दोन घागरी घेऊनच घरी आली.

डॉक्टर मुदखेडकर सर्जन होते, नांदेडपासून बाबांच्या ओळखीचे. उंच, किंचित वाकलेले, बोलताना समोरच्याच्या पोटाकडं बघणारे. त्यांनी बदली होऊन येताना मासिकांची अकरा खोकी सोबत आणली होती. कुठल्याशा सर्जनांच्या सभेत त्यांना भाषण द्यायचं होतं आणि त्यांनी डोक्यात एक गोष्ट घेतली होती. ते मला समजावून सांगताना बाबांच्या दाबयंत्रावर बसले. ‘हे बघ, प्रत्येक लेखाच्या शेवटी एक यादी असते. लिहिणाऱ्यानं कोणाकोणाच्या जुन्या लेखांचा आधार घेतला त्याची. आता ज्या लेखाचं नाव सगळ्यात जास्त याद्यांत येतं, तो लेख सर्जन लोकांनी मनातून मानलेला. पुस्तकात इतिहास लिहितात तो वेगळा. याद्या खोटं बोलत नाहीत.’ माझी दहावीची परीक्षा संपली होती. मला अक्षरं ओळखू येत होती, आणि तेवढंच पुरे होतं. एका लेखाला एक चिठ्ठी, नाव आलं की एक रेघ, चार रेघांवर पाचवी आडवी. चिठ्ठ्या बाबांनी जुन्या केसपेपरांच्या कोऱ्या पाठी कापून दिल्या.

बाबांना ही मोजणी पटली नव्हती. ‘साहेब, कशाला पोरीचे डोळे फोडून राहिले? कडा बघा ना. काळं तिथं वाचलेलं.’

‘वाचलेलं वेगळं आणि नाव घेतलेलं वेगळं, दप्तरी.’

‘हे मात्र खरं हाय,’ बाबा म्हणाले. ‘घरी माझं पन कुनी नाव घेत न्हाई.’

मी रेघा मारत बसले. पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं, हृदय जिंकणार. दुसऱ्यात मूत्रपिंड पुढं आलं. मी मनातल्या मनात शर्यत लावायची आणि जेवताना माय विचारायची, ‘आज कोन फुडं?’ तिला शर्यतीत रस होता, आतल्या अवयवांत नव्हता. पण महिनाभरानं चिठ्ठ्या लावल्या तेव्हा त्या अकरा खोक्यांपुरतं जे निघालं त्यानं माझा अगदी हिरमोड झाला. वर कोण होतं? कोणत्या जखमेला स्वच्छ म्हणायचं आणि कोणत्या जखमेला घाण, हे ठरवून देणारा एक लेख. रोग्याची हालत किती वाईट आहे ते आकड्यांत कसं सांगावं, असा एक. पोटाला टाके घालायच्या पद्धतीचा एक. छाती फाडून काही धाडस केलेले लेख बरेच खाली. मी डॉक्टरांना म्हटलं, ‘साहेब, हे तर नुसते हिशेबनीस निघाले.’ ते खूश झाले. म्हणाले, ‘बरोबर. धाडस एकदा होतं. पट्टी रोज लागते.’

तेव्हा मला एक शंका आली. ऑपरेशनच्या थेटरात मी कधी गेले नव्हते, पण खिडकीतून साहेबांना हात धुताना रोज बघायची. कोपरापर्यंत साबण, ब्रश, पुन्हा पाणी, पुन्हा साबण. एवढ्या मोठ्या कामाची चिठ्ठी माझ्याकडं नव्हती. मी विचारलं, ‘आणि हात धुवायचा लेख? त्याला एकसुद्धा रेघ नाही.’

साहेब माझ्या पोटाकडं बघत म्हणाले, ‘हात धुवा म्हणून पहिल्यांदा सांगणाऱ्या माणसाला लोकांनी वेड्यात काढलं होतं. मग हळूहळू पटलं. आता इतकं पटलंय की त्याचं नाव घ्यायची कोणाला आठवण राहत नाही. ज्यानं पहिल्यांदा भूल दिली त्याचंही तसंच. ज्याच्याशिवाय चालत नाही ना, ते यादीत सापडत नाही.’

मला तो अन्याय वाटला. सोळाव्या वर्षी मला बऱ्याच गोष्टी अन्याय वाटायच्या, त्यात माझं नाक पण होतं. मी एका कोऱ्या चिठ्ठीवर ‘हात धुणे’ लिहिलं आणि रेघ न मारता गठ्ठ्याच्या तळाशी ठेवून दिली.

हात धुवायला मात्र पाणी नव्हतं. दवाखान्याच्या टाकीत जे यायचं ते वॉर्डाला आणि बाळंतिणींना पुरायचं नाही. म्हणून नियम झाला, ऑपरेशन फक्त बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, आणि रोग्याच्या माणसांनी सोबत दोन घागरी पाणी आणायचं. थेटरच्या सिस्टर ते उकळून घ्यायच्या. सिस्टर देगलूरकडच्या, बारीक, करड्या, सगळ्या बायकांना ‘अम्मा’ म्हणणाऱ्या. घागरींची अदलाबदल होऊन भांडणं व्हायला लागली तेव्हा त्यांनी बाबांकडून एक वही बांधून घेतली. रोगी कोण, ऑपरेशन काय, पाणी कोणाचं. पाणी कोणाचं हे काही लोक वेगळ्याच कारणानं विचारायचे. एका म्हाताऱ्याच्या मुलानं आमच्या खोल्यांकडं बोट करून ‘तिकडलं तर न्हाई ना?’ असं विचारलेलं मी ऐकलं आहे. सिस्टर म्हणाल्या, ‘उकळलंय. अजून काय पाहिजे?’ आणि दार लावून घेतलं.

मायचा बेस्तरवार आला. तिनं आदल्या दिवशी घागरी भरून, फडकी बांधून ठेवल्या. सकाळी बाबा आणि मी घागरी पोचवल्या, माय डोक्यावर पदर घेऊन दवाखान्यात गेली, आणि दुपारी चालत परत आली. ‘साहेब म्हनले, फुडच्या बेस्तरवारी.’ पुढच्या बेस्तरवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या बेस्तरवारी पुन्हा. बाबा चिडले. ‘मी साहेबाला इचारतो.’ माय म्हणाली, ‘तुम्ही इचारू नका. मोठ्या मानसाला बेजार करू नये.’ बाबांनी साहेबांना विचारलं नाही, आणि मी रोज साहेबांसमोर बसत होते तरी मीही नाही. आम्हाला वाटायचं, ओळखीचा फायदा घेतला असं दिसू नये. आमच्या घरात ही एक खोड होती. मागायचं ते परक्याकडं मागावं, ओळखीच्याकडं लाज वाटते. अजून आहे. बँकेत कोणी ओळखीचं दिसलं की मी दुसऱ्या रांगेत उभी राहते.

चौथा बेस्तरवार यायचाच होता. सोमवारी भर दुपारी टँकरचा भोंगा वाजला. माय घागर घेऊन गेली आणि रिकामी घागर घेऊन परत आली. टँकरमध्ये पाणी नव्हतं, नुसता माणूस सांगायला आला होता की आज नाही. माय उंबऱ्यात बसली. मग आडवी झाली. गाठ वर आली होती आणि या वेळी आत जात नव्हती. हात लावला तर दगडासारखी. मायच्या ओठांवरचा घाम मी पुसायला गेले तर ती म्हणाली, ‘चुलीवरचं बघ, करपंल.’ आणि मग तिला ओकारी झाली.

बाबांनी तिला हातगाडीवर नेलं. साहेबांनी पोट बघितलं आणि पहिल्यांदाच मी त्यांना घाई करताना पाहिलं. आतडं अडकलंय, आत्ताच उघडायला हवं, ते बाबांना म्हणाले. बाबांनी एवढंच विचारलं, ‘पानी?’ वॉर्डाच्या टाकीच्या तोटीतून शीळ येत होती. आमच्या घरात प्यायचा अर्धा तांब्या होता. बाबा सायकल काढून निघाले, कुठं ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी थेटरच्या दारात उभी होते. मला आठवतं, मी माझ्या चिठ्ठ्यांचा विचार करत होते. इतक्या रेघा, इतकी नावं, एवढे जगभरचे हुशार लोक त्या खोक्यांत, आणि साहेब सदऱ्याच्या बाह्या वर करून कोरड्या मोरीसमोर उभे.

तेव्हा सिस्टर खाली वाकल्या. पाण्याची वाफ करणाऱ्या मोठ्या डब्यामागं, जुन्या चादरींच्या गठ्ठ्याखाली त्यांनी हात घातला आणि एक घागर ओढून काढली. तोंडाला फडकं, फडक्यावर सुतळी. बाबांचीच सुतळी होती ती. ‘कधीची?’ साहेब म्हणाले. ‘काल संध्याकाळी उकळलेली,’ सिस्टर म्हणाल्या आणि ओतायला लागल्या. साहेब हात धुवायला लागले. कोपरापर्यंत साबण, ब्रश, पुन्हा पाणी. त्यांनी एकही फेरी कमी केली नाही. मला ओरडावंसं वाटत होतं, आटपा म्हणून. आत माय कण्हत होती आणि हे बोटांच्या बेचक्या घासत होते. दार बंद झालं. बाबा परत आले तेव्हा त्यांच्या सायकलला दोन्ही बाजूंना रिकाम्या घागरी लटकत होत्या.

माय वाचली. आतडं काळं पडलं नव्हतं, थोडक्यात निभावलं, असं साहेबांनी सांगितलं. ‘पण तीन आठवड्यांपूर्वी का नाही केलं?’ ते बाबांना म्हणाले. ‘बाई दर बेस्तरवारी दारापर्यंत येते आणि माघारी जाते.’

माय झोपलेली असताना मी थेटरबाहेरच्या बाकावर बसले होते. तिथं खिळ्याला सिस्टरची वही टांगलेली. हाताला सवय होती म्हणून मी ती काढली आणि पाण्याच्या रकान्यातली नावं मोजायला लागले. बहुतेक नावं एकदाच. एक नाव तीनदा. निलंग्याची बाई, मुतखडा, पाणी गयाबाईंचं. औशाची पोरगी, अपेंडिक्स, पाणी गयाबाईंचं. रेणापूरचा म्हातारा, अंडवृद्धी, पाणी गयाबाईंचं. ‘तिकडलं तर न्हाई ना’ विचारणाऱ्या मुलाचा बाप तो हाच. मग मी त्या दिवसाची ओळ काढली. रोगी गयाबाई. ऑपरेशन हर्निया. पाण्याचा रकाना कोरा.

‘सिस्टर, इथं लिहायचं राहिलं.’

‘राहिलं नाही अम्मा. ती घागर वहीत नसते.’

‘मी लिहू का?’

‘लिहू नको. लिहिली की लोक मागतील. मग अडीअडचणीला कुठून काढू?’ त्यांनी माझ्या हातातून वही घेतली, ओलं बोट लावून पान उलटलं आणि खिळ्याला अडकवून टाकली. घागर पुन्हा चादरींखाली गेली होती. रिकामीच, पण गेली होती.

माय शुद्धीवर आली आणि चार चमचे पेज तिच्या पोटात गेली तेव्हा मी तिच्यापाशी बसले. माझा ऊर भरून आला होता. स्वतःची पाळी सोडून तीन-तीन जणांना पाणी देणारी आई. मी काहीतरी मोठं बोलायला लागले, शाळेत निबंधाला बक्षीस मिळालेली पोरगी होते मी. मायनं मला अर्ध्यात थांबवलं.

‘कशाचं आलंय दान. मला भ्या वाटायचं.’

‘काय?’

‘थेटराचं दार बघितलं की पाय मागंच यायचे. कोनी बिनपान्याचं आलेलं दिसलं की बरं वाटायचं. दे म्हनायची त्येला. येक आठवडा गेला माझा.’ तिनं पांघरूण वर ओढून घेतलं. ‘म्हाताऱ्याच्या येळेला तर मीच हुडकत गेले, कोनाकडं पानी न्हाई ते. बाबाला सांगू नको.’

मी बाबांना सांगितलं नाही. त्यांना माहीत होतं की नव्हतं, हे मला पुष्कळ दिवस कळलं नाही. ते तिला त्यानंतर घागर उचलू देत नसत. स्वतः भरायचे, अर्धं पाणी वाटेत सांडायचे आणि तिची बोलणी खायचे.

साहेब भाषण देऊन आले. मी उत्सुकतेनं विचारलं, कसं झालं. ‘टाळ्या वाजवल्या,’ ते म्हणाले, ‘आणि जेवायला गेले.’ चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांनी मला परत दिला. तळाची ‘हात धुणे’ लिहिलेली चिठ्ठी त्यात नव्हती. हरवली असेल. मी पुढं डॉक्टर झाले नाही, ग्रंथपाल झाले, नांदेडलाच. अजून कोणतंही नवं मासिक आलं की मी लेख वाचत नाही, आधी मागची यादी बघते, आणि मग विचार करत बसते की यात कोणाचं नाव नाही.

पुढं पाऊस झाला, नळाला पाणी आलं, आणि वर्षअखेरीला सिस्टरची वही भरली म्हणून कायमची बांधून ठेवायला बाबांकडं आली. त्यांनी ती घरीच बांधली. मी पुठ्ठा धरला. माय जवळच शेंगा फोडत बसली होती. वही शिवून झाली, खळ लागली, पाठीला लाल रेग्झीन चढलं. मग कडा कापायचं पातं बाबांनी उचललं आणि सवयीनं वही बाजूनं धरून बघितली. मीही बघितली. सिस्टरच्या ओल्या बोटांनी सगळी कड मळलेली होती, पण मधे एका पानापाशी ती पार काळी झाली होती, कोणीतरी तेच पान पुन्हा पुन्हा उघडल्यासारखी. मी नखानं ते पान उघडलं. मायची ओळ होती, आणि कोरा रकाना, आणि त्याच्या वर पाण्याच्या रकान्यात तीनदा मायचं नाव.

‘हे कोनी एवढं उघडलं?’ मी म्हटलं.

बाबांनी वही माझ्या हातातून घेतली आणि मिटली. त्या काळ्या कडेवर मोरचुदाची निळसर झाक होती. त्यांनी पातं फडक्यात गुंडाळलं आणि पेटीत ठेवून दिलं. ‘ही न्हाई कापायची,’ म्हणाले, आणि मायच्या सुपातल्या दोन शेंगा घ्यायला हात पुढं केला. मायनं त्या हातावर चापट मारली. ‘आधी धुवा.’